सैल पट्ट्यावरची गाणी

"तुम्ही माझ्या गाण्यांचा जीव घेतलात, भावोजी."

"आधी जीव असायला हवा ना त्यात. मशीनला बोल लावू नकोस."

"मशीन हळू चालतंय तुमचं! ऐका तरी. माझा आवाज रेड्यासारखा येतोय."

"रेड्यासारखा गायलास तर रेड्यासारखाच येणार. माझ्या मशीनमध्ये दोष निघाला ना, तर हे दुकान बंद करीन आणि तुझ्या दारात झाडू मारीन. जा."

हे भांडण मी माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं. मुद्दाम कान लावले नव्हते. त्यांची आणि आमची भिंत एकच, आणि ती बांधणाऱ्याने विटांच्या बाबतीत हात फारच आखडता घेतला होता. मी वाटाणे सोलत होते. वाटाणे संपले तरी उठवेना, म्हणून टरफलं परत एकदा चाळत बसले.

मग तिसरा आवाज आला, माझ्या शेजारणीचा. भांडणाऱ्यांतला एक तिचा नवरा आणि दुसरा पाठचा भाऊ, म्हणजे बिचारीला उभं राहायला जागाच नाही. तरी ती बोलली. भावाला म्हणाली, "ह्यांचं मशीन चुकत नाही. तूच जरा शांतपणे ऐक."

भाऊ दाराशी गेला आणि तिथून म्हणाला, "ताई, हे ज्या दिवशी कबूल करतील त्या दिवशी येईन. तोवर ह्या घराची पायरी मला नको."

आणि खरंच तो आला नाही. माझ्या मुलांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली, माझे गुडघे गेले, तरी तो आला नाही.

शेजारणीचा नवरा म्हणजे आमचे कॉपीवाले. आता ते नाहीत. पण गल्लीत अजून कुणी पत्ता सांगताना "कॉपीवाल्यांच्या पुढे डावीकडे" असंच सांगतं. रस्त्याकडेच्या एका खोलीत त्यांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. दुकानात कॅसेट वाजवणारं एक मशीन, आणि त्याच्या शेजारी वायरींनी जोडलेली चार मशीनं, वाजेल ते उतरवून घेणारी. एका कॅसेटच्या चार व्हायच्या, चाराच्या आठ. लोक काय काय आणायचे! परदेशी गेलेल्या मुलाला पाठवायला आजोबांचा आवाज, परीक्षेचे धडे, कुणाच्या बाळाचं पहिलं बोबडं बोलणं. आणि गाणी तर पोत्याने.

माणूस बारीक, चष्म्याला दोरा बांधलेला, आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. तयार झालेल्या प्रत्येक कॅसेटचं ते डोकं, पोट आणि शेपूट तपासत. म्हणजे सुरुवात, मधलं आणि शेवट थोडाथोडा ऐकत, आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देत. कुठलंही काम आलं की त्यातली पहिली प्रत स्वतःसाठी फळीवर ठेवत. म्हणत, "वहिनी, उद्या कुणी तक्रार घेऊन आला तर त्याच्यापुढे ठेवायला हवी." पुढे कॅसेटींचा जमाना संपला आणि त्यांनी त्याच जागी झेरॉक्सचं मशीन आणलं. फळीवरच्या पहिल्या प्रती मात्र हलवल्या नाहीत.

मेहुणा होता गाणारा. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून त्यांचा एक बँड होता. बँडला इंग्रजी नाव होतं, ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही, आम्ही आपले 'चौघे' म्हणायचो. गिटार, ड्रम आणि आरडाओरडा. त्यांच्या डोक्यावर कुठल्या कंपनीचा हात नव्हता. आपणच गायचं, आपणच कव्हरं कापायची, आपणच पिशवीत घालून विकायला जायचं. कॅसेटी तेवढ्या भावोजींकडे करायच्या, म्हणून कव्हराच्या मागे बारीक अक्षरात दुकानाचा पत्ता असायचा.

त्यांचा पहिला अल्बम म्हणजे माझ्या मते भांड्यांची फळी कोसळली आणि कोसळता कोसळता कुणीतरी प्रेमात पडलं. पण पोरांना आवडला. कॉलेजांत हातोहात गेला. म्हणून दुसऱ्या वेळी चौघांनी जास्त प्रती मागितल्या. गाणी सुरेख होती म्हणतात. मला त्यातलं कळत नाही, पण मेहुणा स्वयंपाकघरात बहिणीला गुणगुणून दाखवायचा, ते ऐकून मलाही घरात कामं भराभर उरकावीशी वाटायची. असली चपळ गाणी.

उन्हाळ्याचे दिवस होते. कॉपीवाल्यांनी मशीनं सकाळपासून लावली ती थांबवलीच नाहीत. त्या वाजवणाऱ्या मशीनच्या पोटात एक रबरी पट्टा असतो, त्याच्यावर कॅसेट फिरते. परकराचं इलॅस्टिक कसं धुऊन धुऊन सैल पडतं, तसा तो पट्टा तापून तापून सैल पडत गेला. एकदम नाही. आज केसभर, उद्या आणखी केसभर. डोकं, पोट, शेपूट तर ते रोज तपासत होते. पण रोज बघणाऱ्याला घरातलं मूल वाढलेलं कळतं का? त्यांच्या कानांना तो आवाज तसाच वाटत राहिला. पहिल्या प्रती ठीक निघाल्या, नंतरच्या हळू, आणि शेवटच्या तर अशा, की गाणारा छातीइतक्या पाण्यातून चालत येतोय.

लोक हसले. कार्यक्रमात पोरं मागून ओरडायची, "अरे, कुणीतरी किल्ली द्या रे ह्यांना!" वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की हे संगीत झोपेच्या गोळ्यांपेक्षा स्वस्त आहे. मेहुणा ते कात्रण घेऊनच भांडायला आला होता.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला भिंतीतून एकच गाणं दोनदा ऐकू आलं. एकदा धावत निघालेलं, एकदा जिना चढून दमलेलं. मग परत धावत. परत दमून. मग काहीच नाही. दुपारी कॉपीवाले सायकलवरून कुठेतरी जाऊन आले आणि दार लोटून मशीन उघडून बसले. मी शेजारणीचं गिरणीतून आणलेलं दळण ठेवायला त्यांच्या घरात गेले होते, तर दुकानाच्या जमिनीवर जुना पट्टा पडलेला, मेलेल्या गांडुळासारखा. त्यांनी तो पायाने कपाटाखाली सारला. माझ्याकडे बघितलं. मी दळण ठेवलं आणि आले.

ते बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. ते का बोलले नाहीत हे मला कळत होतं. मशीन चुकतं असं गल्लीत पसरलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कोण कॅसेट घेऊन आलं असतं? आणि दुकान बंद करायची भाषा स्वतःच करून बसलेले. पण ह्या सगळ्यात शेजारीण मात्र फसली. तिने नवऱ्याच्या शब्दावर भावाला खोटं पाडलं होतं, आणि तो शब्दच पोकळ आहे हे तिला माहीत नव्हतं.

मेहुण्याने मग जिद्दीने तिसरा अल्बम काढला, दुसऱ्या गावी जाऊन, चांगल्या कारखान्यात कॅसेटी करून घेऊन. तो कुणी घेतलाच नाही. ज्यांना पहिला आवडला होता ते म्हणाले, फार गुळगुळीत. चौघे चार दिशांना गेले. हा रंगाच्या दुकानात कामाला लागला, गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून देण्याच्या. लग्न केलं नाही. शेजारणीने तो तिसरा अल्बम कधी ऐकला नाही. नवऱ्याची बाजू घेतल्यावर मनाने सगळीच घ्यायची, असा तिचा स्वभाव.

पण रक्त कुठे जातं? भावाने पायरी चढायची नाही असं ठरलं होतं, बहिणीने रंग विकत घ्यायचा नाही असं कुठे ठरलं होतं? ती दोन बस बदलून त्याच्या दुकानात जायची आणि छोटा डबा घेऊन यायची. तिथे दोघं रंगाबद्दल बोलायची, दुसरं काही नाही.

"ताई, हा जरा फिका होईल."

"मग त्यात काळा घाल थेंबभर."

"तब्येत कशी आहे?" एवढं विचारायला ह्यांना पिवळा, निळा आणि करडा असे तीन डबे लागायचे. डबा घरी आला की कॉपीवाले एक अक्षर न बोलता खिडक्यांना रंग लावायचे. इतक्या वेळा लावला की थरावर थर चढून त्यांच्या घरातली एक खिडकी धड बंद होईना. थंडीत वारा आत यायचा. मी म्हटलं, "अहो, आता भिंतींना तरी लावा." तर म्हणाले, "वहिनी, भिंतींना मोठा डबा लागतो. मग तिच्या खेपा कमी होतील."

त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. तिचा भाऊ घरात यावा ही एकच गोष्ट त्या माणसाला शेवटपर्यंत हवी होती, आणि ती आणायची किल्ली त्यांच्याच तोंडात होती. ते तोंड काही उघडत नव्हतं.

मग एका सकाळी दुकानात दोघं आली. एक टोपीवाली मुलगी आणि एक दाढीवाला. मी झेरॉक्स काढायला गेले होते, रांगेत तिसरी. टोपीवालीने पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं चष्मा असेल. निघाली चौघांची दुसरी कॅसेट. तिने कव्हराच्या मागचा पत्ता दाखवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हेच का ते दुकान?"

"झेरॉक्स हवी का?" कॉपीवाले म्हणाले.

त्या दोघांनी जे सांगितलं ते आम्हाला पटायला वेळ लागला. कुणीतरी भंगारात सापडलेल्या कॅसेटवरून ती गाणी फोनवर चढवली होती. आता कुठकुठल्या देशांत लोक ती ऐकत होते, त्यांच्यावर पानंच्या पानं लिहीत होते. ज्या अल्बमला लोक हसले तोच आता सगळ्यांत मोठा ठरला होता. का, तर म्हणे तो इतका हळू आहे.

"त्या काळात सगळे धावत होते," टोपीवाली म्हणाली, "आणि हा एकटा माणूस मुद्दाम थांबून गायला. केवढं धैर्य!"

कॉपीवाले चष्म्याचा दोरा चाचपत राहिले.

"हिचं ऐकू नका, काका," दाढीवाला म्हणाला. "दुसरा ग्रेट आहेच. पण खरा अल्बम तिसरा. लोकांनी तो नीट ऐकलाच नाही."

"तिसरा? तो तर साबणाने धुतल्यासारखा वाटतो."

"तू वरवर ऐकतेस."

"तू उगाच खोल जातोस, तिथे काही नसतं!"

जावयांची तुलना करणाऱ्या दोन सासवांसारखी ती दोघं काउंटरवर भांडत होती. रांगेतला एकजण कंटाळून निघून गेला. त्यांना गाणाऱ्याचा पत्ता हवा होता. दुसरा अल्बम नव्याने काढायचा, त्याचं मोठं कव्हर करायचं, आणि आत गाणाऱ्याची मुलाखत छापायची: हळू गाण्याचा हा विचार त्याला कसा सुचला.

कॉपीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघितलं. ह्या पोरांनी मेहुण्यापुढे जाऊन असं विचारलं असतं तर? ज्या गोष्टीपायी त्याने बहिणीचं घर सोडलं, तिच्याबद्दल शाबासकी? आणि पत्ता दिला नाही तर ती पोरं कधीतरी स्वतःच शोधून काढणार.

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या. वहिनी, तुम्हीही बसा." मग आत वळून हाक मारली, "अगं, चहा टाक."

फळीवर हात घालून त्यांनी एक कॅसेट काढली. दुसऱ्या अल्बमची पहिली प्रत. जुनं मशीन झटकून लावलं. गाणं सुरू झालं ते धावतच. गाणाऱ्याचा आवाज कोवळा, चुणचुणीत, ड्रम असा की पाय आपोआप हलावा.

टोपीवाली गोंधळली. "हे कोण गातंय?"

"तोच."

"नाही. हे ते गाणं नाही."

"हेच ते गाणं आहे, पोरी. तू ऐकतेस ते माझ्या मशीनचा पट्टा सैल झाल्यावर उतरलेलं. त्याने काही हळू केलं नव्हतं. तो धावतच होता. हळू झालं ते माझ्याकडे. त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं, मी उलट त्यालाच वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी मला कळलं. तरी मी बोललो नाही."

आतल्या दारात शेजारीण चहाचे कप घेऊन उभी होती. ती कधी आली हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने ट्रे झेरॉक्सच्या मशीनवर ठेवला, अगदी हलकेच.

"दुसऱ्या दिवशी कळलं?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी मशीन बंद केलं.

"मी त्याला सांगितलं होतं, ह्यांचं मशीन चुकत नाही म्हणून. माझ्या तोंडाने सांगितलं होतं." एवढं म्हणून ती आत गेली. चहा कुणीच प्यायला नाही, शेवटी मी प्यायले. वाया कशाला घालवायचा?

टोपीवालीची अवस्था तर बघवत नव्हती. ज्याला ती थोर विचार समजत होती तो निघाला ढिला रबर. तिने आपली कॅसेट परत फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, "काका, तरीही मला ते हळूच आवडतं. मी काय करू?"

"आवडू दे की," कॉपीवाले म्हणाले. "फक्त त्याच्या तोंडावर एकदम बोलू नकोस."

त्यानंतर शेजारणीच्या घरात अबोल्याचा कारभार सुरू झाला. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, पण शब्द नाही. मला भिंतीतून नुसती भांडी ऐकू यायची, आणि तीसुद्धा रागाने ठेवलेली. कॉपीवाले एकदा माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "पट्टा मी बघितला होता. पण सांगायचं तुम्ही होतं, मी नाही." त्यांनी मान हलवली आणि माझ्या रेडिओची तुटलेली वायर जोडून देऊन गेले.

दाढीवाला मात्र चिकाटीचा. तो पुन्हा आला आणि थेट मागच्या दाराने शेजारणीकडे गेला. मी तिथेच ओट्याशी बसले होते. म्हणाला, "काकू, तुम्ही त्यांच्या बहीण ना? तिसऱ्या अल्बममध्ये एक गाणं आहे. सगळे म्हणतात त्याला अर्थ नाही. मला वाटतं तुम्हाला लागेल." त्याने तिच्या कानात ती छोटी बटणं घातली.

ती कणीक मळता मळता ऐकत होती. मग हात थांबले. मला काही ऐकू येत नव्हतं, मी तिचं तोंडच बघत होते. गाणं संपल्यावर तिने एक बटण काढून माझ्या कानात घातलं, कणकेच्या हाताने, आणि दाढीवाल्याला म्हणाली, "परत लाव."

तर काय होतं त्यात? एक माणूस संध्याकाळी एका घरासमोरच्या पदपथावरून जातो. आत दिवा लागलेला, फोडणीचा वास येतोय. कुणीतरी वाढून घेतंय. तो थांबतो, मग बुटाची नाडी बांधल्यासारखं करतो आणि पुढे जातो. शेवटच्या ओळीत म्हणतो, माझ्या बुटाला नाडीच नाही. एवढंच. गुळगुळीत म्हणे! मेल्यांनो, ऐकता येतं का तुम्हाला?

"हा आमच्या घरासमोरून जायचा," शेजारीण म्हणाली. "आणि मी दिवे लावून बसलेली." तिने हात धुतले, साडी बदलली आणि बसस्टॉपवर गेली. त्या दिवशी तिने रंगाचा डबा आणला नाही. भाऊ आणला.

मी माझ्या घरात होते, त्यामुळे सुरुवातीचं सगळं मला भिंतीतूनच आलं.

"इतकी वर्षं मी हे ऐकायची वाट बघितली," मेहुण्याचा आवाज, "आणि तुम्ही सांगितलंत कुणाला? टोपी घातलेल्या पोरीला!"

"तू समोर नव्हतास."

"मी दोन बसवर होतो, भावोजी! दोन बसवर!"

"चुकलं माझं."

"मोठ्याने बोला."

"चुकलं माझं. मशीन सैल होतं. तू बरोबर होतास. गाणी चांगली होती. आता झाडू आणू का?"

मेहुणा हसला नाही. "लावा ती पहिली प्रत. ताईला ऐकू दे मी कसा गायचो ते." मशीन सुरू झालं. धावतं गाणं. मग त्यावर त्याने स्वतः गायला सुरुवात केली, बहिणीला दाखवायला. पण रंगाच्या वासात आयुष्य गेलेली ती छाती. दुसऱ्या ओळीला दम लागला, तिसरीला खोकला. मशीन पुढे पळालं, तो मागे राहिला. कुणीतरी ते बंद केलं.

"असू दे," शेजारीण म्हणाली. "तुला जमेल तसं म्हण."

थोड्या वेळाने गाणं पुन्हा सुरू झालं. खालच्या आवाजात, जिना चढून दमलेलं. मला वाटलं, ह्यांना झालंय काय, एवढं होऊन पुन्हा तीच हळू कॅसेट लावली? आता डोकी फुटणार. मी काहीतरी निमित्त हवं म्हणून वाटीभर साखर घेऊन धावले. बघते तर मशीन बंद. मेहुणा स्टुलावर बसून डोळे मिटून गातोय, आणि आवाज हुबेहूब त्या सैल पट्ट्यावरचा. तोच घोगरा, तोच खोल, तोच पाण्यातून चालत आलेला. कॉपीवाले एका हाताने कपाटाला धरून उभे होते. गाणं संपलं.

"हे वयामुळे आहे," मेहुणा शेवटी म्हणाला. "तेव्हा मी असा नव्हतो."

"नव्हतास," कॉपीवाले म्हणाले. "तेव्हा तू पळत होतास. मी ऐकलंय."

"मी माफ वगैरे केलेलं नाही हं."

"नको करूस."

"पानं घेतलीत," शेजारीण आतून म्हणाली. "भांडायचं असेल तर जेवून भांडा. वहिनी, तुम्हीही बसा, नाहीतरी भिंतीपलीकडून जेवता येणार नाही तुम्हाला." म्हणजे तिला सगळं माहीत होतं!

पुढे त्या पोरांनी दुसरा अल्बम काढला तो दोन्ही प्रकारांनी, एका बाजूला धावता आणि एका बाजूला हळू. मेहुण्याने अट घातली होती, धावता पहिला. त्यावर आता म्हणे जगभर दोन तट पडलेत. टोपीवाली अजून हळूच्या बाजूची, फक्त आता मेहुण्यासमोर टोपी काढून बोलते. मला विचाराल तर तिसरा.

दोनेक वर्षांनी मेहुण्याची छाती अगदीच बिघडली. रंगाची नोकरी सुटली. बहीण म्हणाली इथे राहा, तो म्हणाला एका घरात राहिलो तर भावोजींचं आणि माझं परत वाजेल. मग आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. स्वयंपाक बहिणीचा. डबा कॉपीवाल्यांकडे. शेजारीण म्हणायची मी नेते, पण त्यांनी कधी नेऊ दिला नाही. दुपारी दुकानाला फळी लावायची, डबा घ्यायचा, रस्ता ओलांडायचा, आणि मधल्या मजल्यावर कठड्याला टेकून दम खायचा. वर गेलं की रोजचं भांडण: अमुक गाणं कोणत्या गतीने बरं. मग कालचा रिकामा डबा घेऊन खाली.

त्या दिवशीही तसंच. मी खिडकीत बसले होते. शेजारणीने डबा हातात दिला आणि म्हणाली, "खालचा कप्पा सरळ धरा, आमटी आहे." "गेल्या जन्मी हमाल होतो मी," ते म्हणाले. रस्ता ओलांडला. जिन्याच्या जाळीतून ते मला दिसले, मधल्या मजल्यावर टेकलेले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग वर गेले. उघड्या खिडकीतून मेहुण्याचा आवाज आला, "उशीर केलात! हळू चालायची सवय तुमची जाणार नाही." त्यावर हे काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही, पण मेहुणा खोकेपर्यंत हसला.

खाली आले, रिकामा डबा बोटात अडकवलेला. माझ्या खिडकीशी थांबून म्हणाले, "आज भाजी संपवलीय त्याने सगळी. सांगतो तिला." आत गेले, डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग दुकानातली खुर्ची ओढल्याचा. ती परत सरकल्याचा आवाज काही आला नाही.